एकटी ओळ सापडते

प्रोग्रामरबाईंनी पडताळ्यांना पहिल्यांदा नीट पाहिले ते सूचनाफलकासमोर. हॉस्पिटलात नोकरीला लागून त्यांना दोनच दिवस झाले होते. जेवणाच्या सुट्टीत त्या खाली आल्या, तर फलकापुढे एक उंच, खांद्यात किंचित वाकलेले गृहस्थ उभे होते. त्यांनी उजव्या हाताचे बोट काचेवर टेकवले होते आणि ते बोट खालून वर सरकत होते. आधी सही, मग हुद्दा, मग शेवटची ओळ, मग तिच्या वरची. मागे पाच-सहा माणसे खोळंबली होती.

शेवटी एका परिचारिकेने तोंड उघडले. "अहो, तुमचं झालं असेल तर आम्हालाही कळू द्या की नवीन पाळ्या कधीपासून ते!"

"थांबा हो," गृहस्थ न वळता म्हणाले, "मी अजून विषयापर्यंत पोचलो नाही."

सगळे हसले. बाईंना मात्र कळेना की हा माणूस विनोद करतो आहे की खरेच सांगतो आहे. पुढे सात वर्षे एकाच इमारतीत काम करूनही त्यांना ते प्रत्येक वेळी नक्की कळले असे नाही.

पडताळे हे काही त्यांचे आडनाव नव्हते. पगारपत्रकावर निराळेच नाव होते, पण ते वाचायची वेळ फक्त पगार करणाऱ्यावर यायची. रेकॉर्ड रूममध्ये पडताळणीच्या टेबलावर त्यांनी इतकी वर्षे काढली होती की कामाचेच नाव अंगाला चिकटले. एकदा औषधांच्या एका विक्रेत्याने वर्षाच्या सुरुवातीला वाटलेल्या डायऱ्यांत एकीवर चक्क 'श्री. पडताळे' असे छापून आले. त्यांनी ती डायरी परत केली नाही, आणि डिसेंबर संपेपर्यंत वापरली.

ते अठ्ठाविसाव्या वर्षी इथे लागले, तेव्हा त्यांचे काम होते फायली या वॉर्डातून त्या वॉर्डात पोचवण्याचे. मग टायपिंग शिकले. मग कुणाच्या तरी लक्षात आले की या माणसाच्या हातून गेलेला कागद परत येत नाही, म्हणजे त्यात चूक निघत नाही. तेव्हापासून दुसऱ्यांनी केलेले काम तपासणे हेच त्यांचे काम झाले. आणि ते मागून पुढे वाचत. शेवटच्या ओळीखाली फूटपट्टी ठेवायची, ती ओळ वाचायची, पट्टी एक ओळ वर सरकवायची.

"पुढून वाचलं की मन शहाणपणा करतं," ते सांगत. "आता पुढे काय येणार ते आधीच ठरवून मोकळं होतं, आणि डोळे नुसते मान डोलवतात. मागून वाचलं की मनाला काही सुचत नाही. मग डोळ्यांना काम करावं लागतं."

घरी तीन माणसे. ते, त्यांची बायको, जिला सगळे काकू म्हणत, आणि दादा. काकू चष्म्याच्या दुकानात काचा घासून चौकटीत बसवायच्या. बोटे इतकी तरबेज की बोलता बोलता समोरच्याच्या चष्म्याची दांडी सरळ करून टाकत. दादा म्हणजे पडताळ्यांचे थोरले भाऊ. ते पाणीपुरवठ्यात होते. शहरातल्या कुठल्या गल्लीखाली कुठली झडप आहे हे त्यांना नकाशा न बघता सांगता यायचे. आता त्यांना स्वतःच्या घरातली न्हाणी सापडत नव्हती. दारांवर चित्रे चिकटवली होती, पण चित्रे बघूनही दादा थबकायचे आणि धाकट्या भावाकडे बघून विचारायचे, "साहेब, इथे कुणाला भेटायचं असतं?"

हे सगळे बाईंना पुष्कळ उशिरा कळले. एकाच इमारतीत राहूनही त्या तिसऱ्या मजल्यावर आणि पडताळे तळघरात. गाठ पडायची ती जिन्यात, नाहीतर चहाच्या रांगेत. खरा संबंध आला तो जुन्या कागदांच्या कामात.

हॉस्पिटलकडे डिस्चार्जचे एक लाख ऐंशी हजार जुने कागद टाइप केलेले पडून होते. पेशंट घरी जाताना डॉक्टर लिहून देतात ते: काय झाले होते, काय केले, कोणती गोळी किती दिवस. त्या मजकुरात कुठेतरी 'अमुक औषधाची ॲलर्जी आहे' असेही लिहिलेले असायचे. ठरले असे की ते सगळे कागद संगणकाने वाचायचे, ॲलर्जीची वाक्ये वेचून काढायची आणि त्यांची यादी करायची, म्हणजे तोच पेशंट उद्या परत आला तर डॉक्टरांना आधीच कळेल. यादी बरोबर आहे अशी खात्री पटल्याशिवाय ती वापरायची नाही, हेही ठरले.

वेचण्याचे काम बाईंच्या प्रोग्रामचे. त्यासाठी त्यांनी एक पॅटर्न लिहिला. पॅटर्न म्हणजे शोधायच्या मजकुराचा साचा: आधी औषधाचे नाव, मग 'ॲलर्जी', पण पुढे 'नाही' आले तर सोडून द्यायचे, आणि मागे 'आईला', 'भावाला' असे काही आले तर तेही सोडायचे, कारण ती ॲलर्जी पेशंटची नव्हे. असा साचा मजकुरावर फिरवून जुळणारी जागा शोधायचे अवजार प्रत्येक प्रोग्रामिंगच्या भाषेत तयारच मिळते. भाषेबरोबर अवजारांची एक पेटी येते, तिला लायब्ररी म्हणतात. ती जगभरचे लोक वापरतात, त्यामुळे तिच्यावर कुणी संशय घेत नाही. सुतार करवतीवर घेत नाही तसे.

आणि खात्री करण्याचे काम पडताळ्यांचे. दर शंभरावा कागद त्यांनी डोळ्यांनी वाचायचा आणि यादीशी ताडून बघायचा. फरक दिसला तर चिठ्ठी लिहून वर पाठवायची.

इथे एक नियम होता. पेशंटचे नाव-गाव असलेला कागद रेकॉर्ड रूमच्या बाहेर जायचा नाही. ज्या संगणकावर ते कागद होते तोही बाहेरच्या कशाला जोडलेला नव्हता. बाई प्रोग्राम तयार करून खाली पाठवायच्या आणि तो तिथे चालायचा. म्हणून पडताळे चिठ्ठीवर फक्त ती एक ओळ पेन्सिलीने उतरवायचे. नियम चांगला होता आणि दोघेही नियमाची माणसे होती.

पहिली चिठ्ठी आली: 'कागदावर आहे, यादीत नाही. ओळ: पेनिसिलिनची ॲलर्जी आहे.' बाईंनी ती ओळ टाइप केली, तिच्यावर पॅटर्न फिरवला. लगेच सापडली. त्यांनी चिठ्ठीच्या मागे लिहिले, 'सापडते', आणि परत पाठवली.

दुसऱ्या दिवशी दुसरी. ओळ टाइप केली, सापडली. 'सापडते.'

त्या आठवड्यात सात चिठ्ठ्या आल्या. सातही ओळी सापडल्या. बाईंना आधी नवल वाटले, मग कंटाळा आला, मग थोडा रागही आला. पुढच्या आठवड्यात अकरा चिठ्ठ्या. आता त्या 'सापडते' एवढेही न लिहिता नुसती बरोबरची खूण करू लागल्या. चहाच्या रांगेत कुणीतरी म्हणाले, "पडताळ्यांचीच पडताळणी करायला हवी आता," आणि बाई हसल्या. हसू आले खरे, पण मागे बघितले तर दोन माणसे सोडून पडताळे उभे होते. कप हातात धरून ते सूचनाफलकाकडे बघत होते. फलक त्या दिवशी रिकामा होता.

तळघरात काय चालले होते ते बाईंना दिसत नव्हते. पडताळे आता प्रत्येक कागद तीनदा वाचत होते. मागून, पुढून, आणि पुन्हा मागून. काकूंनी त्यांचे डोळे महिन्यात दोनदा तपासवले. नंबर तोच. "डोळे ठणठणीत आहेत तुमचे," दुकानाचे मालक म्हणाले, "काच बदलायला मला काही निमित्तच देत नाहीत." ही बातमी कुणालाही आनंदाची वाटली असती. पडताळ्यांचा चेहरा उतरला. डोळ्यांत दोष निघाला असता तर बरे झाले असते. डोळ्यांत नाही, म्हणजे त्यांच्या मागे आहे.

एका बुधवारी दुपारी ते तिसऱ्या मजल्यावर आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. दारात उभे राहून त्यांनी खोलीभर नजर फिरवली.

"मॅडम, पाच मिनिटं?"

"या ना, बसा."

ते बसले नाहीत. खिशातून चिठ्ठ्यांची गड्डी काढली आणि टेबलाच्या कडेला नीट रचून ठेवली.

"त्रेचाळीस झाल्या," ते म्हणाले. "सगळ्यांवर तुमची खूण आहे. मला तुम्हाला एकच विचारायचं आहे, आणि माझ्या वयाकडे बघून उत्तर देऊ नका. चूक माझी आहे ना?"

बाई चाचरल्या. "अहो, चूक म्हणजे... होतं असं. कामच किचकट आहे."

"नाही, तसं नको. बघा, ओळ कागदावर आहे हे मला दिसतं. यादीत नाही हेही मला दिसतं. तुम्ही सांगता, यंत्राला ती सापडते. म्हणजे या दोनांतली एक गोष्ट तिथे नसताना मी बघतोय. कुठली, ते मला कळत नाही. कालच्या ओळीवर मी बोट ठेवून बसलो होतो, पाच मिनिटं, बोट उचललंच नाही. तरी तुमची खूण आली."

मग त्यांनी दादांचे सांगितले. फार नाही, चारच वाक्ये. दादा झडप उघडून आलो म्हणायचे, अगदी शपथेवर. किल्ली किती वेळा फिरवली तेही सांगायचे, आणि इकडे सगळी गल्ली कोरडी. दादा खोटे बोलत नव्हते. त्यांना ती उघडलेली दिसत होती. तेव्हा दादा एकोणसाठ वर्षांचे होते.

"आणि मला आता अठ्ठावन्न," पडताळे म्हणाले. "आमच्या साहेबांकडे अर्ज दिलाय, पडताळणीतून मोकळं करा म्हणून. शुक्रवारी सही करतो म्हणालेत. औषधांचं काम आहे, ज्याला स्वतःचा भरवसा नाही त्यानं करू नये. तुमचा वेळ घेतला, त्याबद्दल सांगायला आलो."

ते गेले, पण चिठ्ठ्या टेबलावर तशाच राहिल्या. बाईंनी पहिली उलटून बघितली. मागे त्यांच्याच अक्षरात लिहिलेले होते, 'सापडते'. एका शब्दाने माणसाचे एवढे काही होत असेल हे त्यांच्या डोक्यात आले नव्हते.

गुरुवारी सकाळी त्या खाली गेल्या. प्रोग्राम चुकला असेल अशी शंका त्यांना तेव्हाही नव्हती. पडताळे यादीचा चुकीचा रकाना बघत असावेत असे त्यांना वाटत होते. ते प्रेमाने दाखवून द्यायचे, म्हणजे आजाराचे भूत तरी उतरेल. दाराशी वहीत सही केली, फोन पेटीत ठेवला. आत लोखंडी मांडण्यांच्या रांगा होत्या, छताला जाड पाइप, आणि पंख्याचा सावकाश आवाज. पडताळ्यांनी आपली खुर्ची त्यांना दिली. तिच्यावर चष्म्याच्या कापडांचे तुकडे जोडून शिवलेली गादी होती. स्वतः ते स्टुलावर टेकले.

"दाखवा कुठला तो."

पडताळ्यांनी कागद पडद्यावर उघडला. लांबलचक होता. पट्टी पडद्यालाच लावून त्यांनी ओळ दाखवली: 'सल्फाची ॲलर्जी आहे, अंगावर चट्टे उठतात.' शेजारी यादी उघडली. त्या कागदापुढे काहीही नव्हते.

रकाना बरोबर होता.

बाईंनी प्रोग्राम त्या कागदावर पुन्हा चालवला. काही नाही. ती एक ओळ उचलून कोऱ्या पानावर ठेवली आणि चालवला. सापडली. पूर्ण कागदावर पुन्हा. नाही. एकटी ओळ. सापडली. बाईंनी चष्मा काढून पुसला.

"आता तुम्हालाही दिसतंय का?" पडताळ्यांनी हळूच विचारले.

"दिसतंय."

"मग आपण दोघंही...?"

"दोघांना एकदम नाही हो होत, काका."

"आमच्या घरी होतं. दादा जेवलो म्हणाले की काकू आणि मी, आम्हालाही वाटायला लागतं की जेवले असतील."

बाईंना हसावे की नाही ते कळेना. त्यांना एवढे मात्र दिसले की इतके दिवस त्यांनी एकदाही पूर्ण कागद तपासला नव्हता. नियमाने ओळ एकटी वर यायची, आणि एकटी ओळ नेहमीच सापडायची. चार माणसांत घातली की हरवायची. पण का?

"एकेक ओळ काढून बघू," बाई म्हणाल्या. कागदाची प्रत केली आणि वरून ओळी काढायला सुरुवात केली. ताप किती होता ती ओळ काढली, नाही. कोणते इंजेक्शन दिले, नाही. 'पातळ आहार द्यावा' ही ओळ काढली, आणि ॲलर्जी सापडली.

दोघेही मागे सरकले. ओळ परत घातली. ॲलर्जी गेली. काढली. आली.

"म्हणजे पातळ आहार दिला की सल्फाची ॲलर्जी जाते?" पडताळे म्हणाले. "वरच्या डॉक्टरांना कळवायला हवं."

"थट्टा नका करू, मला आधीच काही कळत नाहीये."

"थट्टा नाही हो. मलाही काही कळत नाहीये."

पातळ आहार जागेवर ठेवून त्यांनी दुसरीच एक ओळ काढली, पुन्हा कधी दाखवायला यायचे ती. ॲलर्जी सापडली. ती परत घालून तिसरी काढली. सापडली. एवढी लांबी शिल्लक असताना कुठलीही एक ओळ काढा, सापडत होती. सगळ्या ठेवा, हरवत होती. पडताळ्यांनी ओळीच्या जागी तेवढीच लांब निरर्थक अक्षरे बडवून बघितली. हरवली.

"मग आहाराचा काही दोष नाही," ते म्हणाले. "लांबीचा आहे."

बाईंना हायसे वाटले, पण पुढच्याच कागदाने ते काढून घेतले. तो याहून लांब होता आणि त्यातली ॲलर्जी पहिल्या फटक्यात सापडली. बाई डोके धरून बसल्या. पडताळ्यांनी तोवर चुकणारे कागद एकेक उघडून शेवटापासून वाचायला घेतले होते. अर्धा तास गेला. पट्टी वर सरकत राहिली.

"मॅडम, मी पाच बघितले. पाचांतही वर कुठेतरी घरच्यांचं आहे. 'आईला दम्याच्या औषधाची ॲलर्जी', 'भावाला अमक्याची'. तुमच्या त्या लांब कागदात घरचं कुणीच नाही."

दुपारपर्यंत एवढे जमले: लांब कागद, आणि वर घरच्यांपैकी कुणाची तरी ॲलर्जी. दोन्ही असले की पेशंटची हरवते. काय होते ते कळले, का होते ते अजूनही नाही. बाई वर गेल्या त्या आपला पॅटर्न चुकला असणार असे धरून. त्यांनी तो चार प्रकारे लिहून खाली त्याच कागदावर चालवून घेतला, चारही वेळा नाही. मग तोच पॅटर्न दुसऱ्या एका भाषेच्या अवजाराला दिला. सापडली. मग आपल्या नेहमीच्याच भाषेच्या दोन वर्षे जुन्या आवृत्तीला दिला. सापडली. नव्या आवृत्तीला दिला. नाही.

शुक्रवारी सकाळी त्या पडताळ्यांच्या साहेबांपुढे उभ्या होत्या. साहेबांच्या हातात अर्ज होता आणि पेनाचे टोपण काढलेले होते.

"म्हणजे तुमचं म्हणणं, त्या भाषेतच चूक आहे?" साहेब म्हणाले. "जगभर वापरतात ती. एवढ्या सगळ्यांना दिसली नाही आणि आमच्या तळघरात दिसली?"

"मलाही पटत नाहीये, साहेब. पण एक आठवडा सही करू नका."

"हरकत नाही," साहेब म्हणाले. ते सगळ्यालाच 'हरकत नाही' म्हणत, त्यामुळे बाईंना धाकधूक राहिली.

भाषा सांभाळणाऱ्या लोकांना कळवायचे तर नमुना पाठवायला हवा, आणि खरा कागद तर दाराबाहेर जाऊ शकत नव्हता. तेव्हा पडताळ्यांनी एक पेशंट रचला. लिफ्ट दुरुस्त करणारा कारागीर, जिन्यावरून पडून पाय मोडलेला. त्याला आई दिली, आईला ॲलर्जी दिली, आहार, व्यायाम, पुढची तारीख, सगळे दिले, आणि लांबी मोजून जुळवली. इतकी वर्षे दुसऱ्यांचे लिहिलेले तपासणाऱ्या माणसाने स्वतःचे असे लिहिले ते बहुधा पहिल्यांदाच. "याला घरी कोण बघणार?" ते मध्येच म्हणाले, आणि त्यांनी त्याला एक बहीण दिली. बाईंनी सांगितले की बहिणीची गरज नाही. त्यांनी ठेवली.

चार दिवसांनी उत्तर आले. कुठल्या तरी दूरच्या, कधी न पाहिलेल्या माणसाने लिहिले होते की तुमचे म्हणणे बरोबर आहे, चूक आमची आहे, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करतो. बाई ते घेऊन तळघरात गेल्या.

"सोपं करून सांगा," पडताळे म्हणाले.

"मजकूर छोटा असला की ते अवजार प्रत्येक जागा धीरानं बघतं. लांब असला की कंटाळतं, आणि नोंद ठेवायला लागतं, की या जागी आपण येऊन गेलो, इथून पुढे काही निघत नाही. म्हणजे परत बघायला नको. बरोबर?"

"शहाणपणाचं आहे."

"आहे. पण वर आईची ॲलर्जी भेटली की ते तिथूनच पुढे डोकावून बघायचं, आणि आईच्या हिशेबानं खालच्या जागांवर 'इथे काही नाही' लिहून ठेवायचं. मग खाली उतरून पेशंटच्या ओळीवर आलं की आपलीच नोंद वाचायचं आणि न बघता पुढे जायचं. नोंद एका प्रश्नाची होती, वापरली दुसऱ्याच प्रश्नाला."

पडताळ्यांनी पट्टी उचलून टेबलाच्या कडेला समांतर ठेवली. मग म्हणाले, "म्हणजे त्याला ते तिथे नाही असं मनापासून वाटत होतं."

"तसंच म्हणा."

"आणि मी ते आहे म्हणत होतो."

"होता. आणि बरोबर होता."

ते हसतील असे बाईंना वाटले होते. ते म्हणाले, "जुन्या आवृत्तीवर सगळ्या त्रेचाळीस बघू. मग बोलू."

बघितल्या. एक एक चिठ्ठी घेऊन कागद उघडायचा आणि प्रोग्राम चालवायचा. आजूबाजूचे दोघे-तिघे येऊन उभे राहिले. पस्तिसाव्याला कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. बेचाळीस ओळी सापडल्या. एक सापडली नाही. बाईंना वाटले, आता हा आणखी कुठला नवा प्रकार. पण पडताळ्यांनी कागद मागून वाचला, पुढून वाचला आणि पट्टी खाली ठेवली. ती ओळ त्या कागदावर नव्हतीच. ती आधीच्या कागदावर होती, आणि आधीच्या कागदाच्या यादीत ती व्यवस्थित आली होती. चिठ्ठीवर मात्र या कागदाचा क्रमांक, पेन्सिलीने, त्यांच्याच सुबक अक्षरात.

"त्रेचाळिसात एक!" मागून कोणी म्हणाले. "माझं असं असतं तर मी चौकट करून भिंतीवर लावलं असतं."

सगळे हसले, पांगले. बाई थांबल्या.

"काका, एखादी होतेच हो. माझ्या दिवसाला दहा होतात."

"माहीत आहे." पडताळे ती चिठ्ठी उलटीपालथी करत होते. "माझा घोळ निराळा आहे. बेचाळीस वेळा मी बरोबर होतो आणि माझा स्वतःवर विश्वास बसला नाही. ही एक आहे ना, हिच्यावर मी पाच मिनिटं बोट ठेवून बसलो होतो. तुम्हाला सांगितलं होतं बघा, बोट उचललंच नाही. ती हीच. मला शंभर टक्के खात्री होती. मग मी कुठली खात्री धरायची?"

शिकलेल्या माणसाने अशा वेळी काहीतरी बोलायचे असते, म्हणून बाईंनी डॉक्टरांना भेटायला सुचवले. पडताळे खरेच जाऊन आले. डॉक्टरांनी पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले. त्यांनी ते उलट्या क्रमाने परत दिले. घड्याळाचे चित्र काढायला सांगितले. त्यांनी बारापासून खाली उतरत एकपर्यंत आकडे घातले. आकडे सगळे जागच्या जागी होते, पण डॉक्टर कागदाकडे आणि त्यांच्याकडे आळीपाळीने बघत राहिले. शेवटी लिहिले, 'वयाच्या मानाने ठीक.'

"वयाच्या मानाने म्हणजे काय हो?" पडताळ्यांनी बाईंना चहाच्या रांगेत विचारले. "ठीक, की ठीक नाही?"

"ठीक."

"तुम्ही 'सापडते' लिहायचात, तसं सांगताय."

बाई लाजल्या. या वेळी मात्र ते थट्टा करत होते हे त्यांना कळले. निदान तसे वाटले.

काकूंना काय वाटले हे कळायला मार्ग नव्हता, पण त्याच आठवड्यात त्या स्वतः तिसऱ्या मजल्यावर आल्या. बाईंच्या चष्म्याची सैल दांडी आवळून दिली, आणि जाता जाता म्हणाल्या, "रात्री झोपतात आता. पूर्वी उठून दारांवरची चित्रं वाचत बसायचे, आपल्याला ओळखू येतात का बघायला."

अर्जाचे काय झाले ते साहेबांनी सांगितले. पडताळे तो परत न्यायला आले. साहेब म्हणाले, हरकत नाही, फाडून टाका. त्यांनी फाडला नाही. तिथेच बसून वरचा मजकूर सरळ रेघेने खोडला, खाली चार ओळी नव्या लिहिल्या, आणि त्या शेवटून पहिलीपर्यंत एकदा वाचून कागद साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी तो पुढून वाचला आणि सही केली.

या गोष्टीला दीड वर्ष झाले. पडताळे आता साठीला टेकले आहेत, पडताळणीच्याच टेबलावर आहेत, आणि त्यांनी वाचलेल्या कागदांपैकी दहातला एक, त्यांनी लिहून मागितल्याप्रमाणे, रेकॉर्ड रूममधल्या दुसऱ्या बाई पुन्हा वाचतात.